पाखरांची ओळख करून देणारा

आमच्या गावाकडे लहानसे, मातकट रंगाचे कोणतेही पाखरू दिसले की लोक त्याला चिमणी म्हणून मोकळे होतात. मीही परवापर्यंत तेच करीत आले. शेळ्यांमागे माळावर फिरताना शेकडो पाखरे डोळ्यांसमोरून गेली असतील. पण चिमणी, कावळा, साळुंकी, घार, टिटवी आणि मोर एवढीच नावे माझ्या गाठीला होती. बाकी सगळी नुसती पाखरे.

१९०८ च्या सुमारास मुंबईतल्या एका मुलाच्या हाती असेच एक पाखरू आले. मामाने दिलेल्या छर्‍याच्या खेळण्यातल्या बंदुकीने त्याने ते पाडले होते. दिसायला चिमणीच, पण गळ्याशी पिवळा डाग. घर मुसलमानाचे. हे वेगळे दिसणारे पाखरू खाल्लेले चालते की नाही, अशी शंका त्या मुलाला आली आणि तो मामाकडे गेला. मामालाही पाखरू ओळखता येईना. आपल्याकडे अशा वेळी मुलाला काय उत्तर मिळाले असते ते आपण सगळेच जाणतो. चिमणी ती चिमणी, जा खेळ! पण मामाने एक चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला ज्याला हे कळते त्याच्याकडे पाठवले. त्या चिठ्ठीतून पुढे एक सबंध आयुष्य उभे राहिले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचे चरित्र लिहिण्याइतकी माझी योग्यता नाही. पण गेल्या वर्षभरात त्यांच्या एका पुस्तकाने माझ्यासाठी जे केले, त्याचे ऋण मानावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

ते पुस्तक माझ्या हाती आले ते एका वाईट दिवशी. पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता आणि माझा इंग्रजीचा विषय राहिला होता. आमच्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, अंगठा उठवतात. वडील चौथीपर्यंत शिकले. आई शाळेत गेलीच नाही. तेव्हा एक विषय राहिला म्हणजे काय आणि सगळेच बुडाले म्हणजे काय, हा फरक घरी समजावून सांगणे मोठे कठीण. त्यातच मावशीने एक स्थळ सुचवले होते. एस.टी. यायला दोन तास होते आणि रडायला जागा हवी होती, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसले. ग्रंथपाल सरांनी काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी एक जुने, पाठीला चिकटपट्टी लावलेले इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि निदान चित्रे तरी बघ, असे सांगून ते आपल्या कामाला गेले. पुस्तकाचे नाव होते ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’.

मी चित्रे पाहू लागले आणि दचकलेच. त्यात आमच्या माळावरची पाखरे होती! ज्यांना मी कधी नाव दिले नव्हते ती सगळी ओळीने, रंगांसकट बसली होती. तारेवर बसून किडे टिपणारा हिरवा वेडा राघू, शेपटीला चिरा असलेला काळा कोतवाल, बाभळीच्या काट्याला किडा टोचून ठेवणारा खाटीक. मग वाटले, हे सगळे ज्याने पाहिले तो माणूस होता तरी कोण?

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. घरातले ते दहावे, सर्वांत धाकटे मूल. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. अमीरुद्दीन तय्यबजी या मामांनी आणि हमीदा बेगम या मामींनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. या मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. पण बहिणीची पोरकी मुले त्यांनी आपली मानली. मामांना शिकारीचा नाद होता आणि ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था त्या काळात बहुतांशी साहेबांची होती. तिचे मानद चिटणीस मिलार्ड यांच्याच नावाने मामांनी ती चिठ्ठी लिहिली होती.

कागदात गुंडाळलेले मेलेले पाखरू घेऊन तो मुलगा त्या इमारतीत शिरला असेल तेव्हा त्याच्या छातीत किती धडधडले असेल, याची मला चांगली कल्पना आहे. पहिल्यांदा ग्रंथालयात शिरताना मीही चपला बाहेर काढाव्यात की काय, म्हणून दारात घुटमळले होते. पण मिलार्ड साहेब प्रेमळ निघाला. त्याने पाखरू पाहताक्षणी ओळखले. ती पीतकंठी रानचिमणी होती. एवढ्यावर न थांबता त्याने कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी सोलून टिकवण्याचे शिक्षण मिळण्याची सोय करून दिली. एका पाखराबद्दल विचारायला गेलेला मुलगा शेकडो पाखरे डोक्यात घेऊन परतला.

आता कोणाला वाटेल, की असा मुलगा शाळेत पहिला येत असणार. तसे मुळीच नव्हते. डोकेदुखीने त्याला छळले होते. त्यासाठी हवापालट म्हणून सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले गेले. १९१३ साली तो मॅट्रिक झाला तोही कसाबसा. सेंट झेवियर महाविद्यालयात नाव घातले, पण पहिलेच वर्ष जड गेले. गणिताशी त्याचे काही केल्या जमेना. शेवटी महाविद्यालय सोडून तो ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळायला निघून गेला. तिथे भोवती दाट जंगल होते. धंद्यापेक्षा पाखरांकडेच लक्ष जास्त! धंदा काही फळाला आला नाही.

हा मजकूर मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला, तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ तशीच बसले. ज्याच्या नावापुढे डॉक्टर लागते, त्याचेही पहिल्या वर्षी असेच झाले होते तर! पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सलीम अलींनी महाविद्यालय सोडले तरी चालले, म्हणून आपणही सोडावे, असा याचा अर्थ नाही. त्यांच्या पाठीशी मोठे, सुशिक्षित घराणे होते. आमच्यासारख्यांनी शिक्षण सोडले तर ब्रह्मदेश नव्हे, थेट ऊसतोडीची टोळी किंवा बोहले असते. शिवाय त्यांनीही शिकणे सोडले नव्हतेच. मुंबईला परतल्यावर ते सकाळी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत आणि मग झेवियरमध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसत. फादर ब्लॅटर यांनी त्यांची आवड ओळखून त्यांना तिकडे वळवले होते. मात्र विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि या एका उणिवेपायी सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही.

१९१८ च्या डिसेंबरात त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या प्राणिविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना साडेतीनशे रुपये पगाराची नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की आपले ज्ञान अपुरे आहे. मग रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. त्यांना ते आपले गुरू मानीत. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! तीस-पस्तिशीतला माणूस, संसार पाठीशी, हातात परदेशी विद्या आणि नोकरी नाही. अशा वेळी दुसरा कोणी हिशेबनिसाची जागा शोधत फिरला असता. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले आणि त्यांनी तिथे सुगरण पक्ष्यांची घरटी पाहायला सुरुवात केली.

सुगरण आपल्याला कोणाला ठाऊक नाही! शाळेत बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता आम्ही सार्‍यांनी पाठ केली आहे. नावच असे, की घरटे बांधणारी ती मादी असेच वाटावे. सलीम अलींनी महिनोन्‌महिने घरट्यांवर नजर ठेवली आणि जे पाहिले ते असे. घरटे विणतो तो नर. विणीच्या दिवसांत त्याचे डोके पिवळेधमक होते. तो घरटे अर्ध्यावर आणतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून तपासून पाहतात, पसंत नसेल तर निघून जातात. एखादीला घरटे पटले, की ती तिथे राहते. मग नर ते पुरे करतो, खाली लोंबती नळी विणतो. ती अंडी घालून उबवायला बसली, की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसर्‍या मादीची वाट पाहतो. असे एका हंगामात एकाचे अनेक संसार! सुगरणीच्या संसाराची ही रीत इतक्या नीटपणे यापूर्वी कोणी उलगडून दाखवली नव्हती. बेकारीच्या दिवसांत केलेल्या या कामाने सलीम अलींचे नाव शास्त्रज्ञांत झाले.

हे वाचल्यावर त्या पावसाळ्यात मी विहिरीवरच्या बाभळीखाली जाऊन बसले. खरोखरच पिवळ्या डोक्याचे नर विणत होते आणि चिमणीसारख्या दिसणार्‍या साध्या माद्या घरटी पारखत होत्या. बहिणाबाईंची कविता त्यामुळे माझ्या लेखी जराही उणी झाली नाही. तिच्यातली माया आईची आहे, ती खरीच आहे. पण मावशीने स्थळ आणले होते ते दिवस आठवून मला एक गंमत मात्र वाटली. इथे घर पाहून होकार-नकार देते ती मादी! आईला हे सांगितले तर ती पदर तोंडाला लावून खूप वेळ हसली.

यानंतर सलीम अलींनी देशभर पक्ष्यांची पाहणी केली. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा संस्थानांना त्यांनी सांगितले, की मला पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद संस्थानाची पाहणी १९३१-३२ सालची. आमच्या जिल्ह्याच्या शेजारचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तंबूत, आडबाजूच्या बंगल्यांत, मिळेल ते खाऊन हे काम चाले आणि तेहमिना बेगम बरोबर असत. विलायतेत शिकलेल्या या बाईने रानातला मुक्काम आनंदाने पत्करला. त्यांना इंग्रजी साहित्याची मोठी गोडी होती आणि पतीच्या इंग्रजी लेखनाला वळण लागले ते त्यांच्या सहवासाने. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. उरलेले आयुष्य ते बहिणीच्या कुटुंबात राहिले.

या दुःखानंतर दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, सोसायटीने त्यांचे ते पुस्तक प्रसिद्ध केले. पक्ष्यांवर त्यापूर्वी ग्रंथ नव्हते असे नाही. चांगले जाडजूड, अनेक खंडांचे ग्रंथ होते. पण ते जाणत्यांसाठी. पक्षी मारून हातात घ्यायचा, पंखांची, चोचीची मापे काढायची आणि मग ग्रंथात शोधायचे, अशी ती रीत. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने काय करावे? सलीम अलींनी नेमका हा माणूस डोळ्यांपुढे ठेवला. मला वाटते, पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन उभा असलेला तो मुलगा ते विसरले नव्हते.

या पुस्तकाची रीत मला फार आवडली, म्हणून थोडी सविस्तर सांगते. पक्षी केवढा, हे ते इंचांत सांगून थांबत नाहीत. झाडावरच्या पाखराला पट्टी कोण लावणार? म्हणून चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा अशी मापे दिली आहेत. त्याहून थोडा मोठा असेल तर अधिक चिन्ह, लहान असेल तर उणे चिन्ह. म्हणजे जे आपल्या ओळखीचे आहे त्याच्या आधाराने अनोळखी ओळखायचे. मग रंग, ठळक खुणा, नर-मादीतला फरक. तो कुठे राहतो, एकटा असतो की थव्याने, काय खातो, कसा उडतो, कसा बोलतो, घरटे कधी आणि कशाचे करतो. आणि प्रत्येकाचे रंगीत चित्र.

मी आधी काय करी, तर पाखरू दिसले की धावत पुस्तकाकडे. पुस्तक उघडेपर्यंत ते उडून जाई आणि चित्रे पाहून मला वाटे, हेही असेल नि तेही असेल. हळूहळू कळले, की पुस्तक आधी उघडायचे नाही. आधी पाहायचे. केवढे, चोच कशी, शेपटी लांब की आखूड, डोळ्यावर पट्टा आहे का, पंखावर पांढरे आहे का, जमिनीवर चालते की टुणटुण उड्या मारते. हे सगळे वहीत मराठीत लिहायचे आणि मग चित्रांकडे वळायचे. अशी मी शब्दकोशाच्या मदतीने पाने वाचत गेले. चोच, कंठ, माथा, शेपटी यांचे इंग्रजी शब्द मी कधी पाठ केले नाहीत. ते पाखरांबरोबर आपोआप येऊन बसले.

तरी फजिती व्हायची ती झालीच. वैशाखाच्या अखेरीस एक राखी रंगाचा, पोटावर आडवे पट्टे असलेला पक्षी लिंबाच्या झाडावर येऊन बसला आणि सगळ्या चिमण्या ओरडत पांगल्या. मी लिहिले, पाहिले, चित्र जुळवले आणि आबांना मोठ्या ऐटीत सांगितले, की हा शिक्रा, म्हणजे लहान ससाणा. आबा खाटेवर पडून होते. त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही. तेवढ्यात तो पक्षी ओरडू लागला. चढत्या सुरात, पुनःपुन्हा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा! आबा म्हणाले, की पोरी, हा पावशा आहे; शिक्रा कधी पेरणीची आठवण करून देत नसतो. मी शरमेने पुस्तक पुन्हा काढले. पाहते तो त्यातही हेच सांगितलेले, की पावशा शिक्र्यासारखा दिसतो म्हणून इतर पाखरे फसतात. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकडी, पावशाची सरळ. मी चोच पाहिलीच नव्हती. पुस्तक बरोबर होते, आबाही बरोबर होते. घाई तेवढी माझी चुकली होती. त्या दिवसापासून आबांचा कान आणि पुस्तकातले चित्र यांची मी सांगड घालू लागले.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस टोचत होती. सलीम अलींनी पक्षी मारले. एक-दोन नव्हेत, संग्रहासाठी, अभ्यासासाठी पुष्कळ मारले. माळकरी घरातल्या मुलीला हे पचणे सोपे नव्हते. त्या काळी नेमके शास्त्र त्यावाचून होत नसे आणि नमुना हाती घेतल्याशिवाय जातीजातींतले बारीक भेद ठरवता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. ते मला अजून पूर्णपणे पटलेले नाही. पण विचार करता एवढे लक्षात आले, की बंदुकीपासून सुरू झालेल्या या माणसाने जे पुस्तक दिले, ते हाती घेणार्‍याला बंदुकीची गरजच उरली नाही. पाखरू जिवंत असताना, झाडावर असताना, नुसत्या डोळ्यांनी ओळखायला त्याने आपल्याला शिकवले. मामाच्या घरापासून इथवरचा त्यांचा प्रवास मला त्यांच्या कोणत्याही मानसन्मानापेक्षा मोठा वाटतो.

मानसन्मान काही कमी नव्हते. तुरुंगवासाच्या काळात पंडित नेहरूंनी हे पुस्तक आपल्या मुलीला, इंदिरेला, भेट दिले होते. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर सलीम अलींनी भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला; तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. ज्यांच्याकडे पदवी नाही म्हणून जागा नाकारली गेली, त्यांना अलीगढ आणि दिल्ली विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये पन्नास हजार डॉलरचे गेटी पारितोषिक मिळाले, त्याचा त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या कामासाठी निधी केला. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे शेतजमिनीसाठी जाऊ नये म्हणून त्यांनी शब्द खर्च केला, केरळातले सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे म्हणूनही ते उभे राहिले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि त्याच्या नावात त्यांनी गुरू-मंत्र्यांना नव्हे, त्या चिमणीला जागा दिली. २० जून १९८७ रोजी, नव्वदी उलटल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

पण त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली आणि तिचा संबंध आमच्या माळाशी आहे. देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव पुढे केले होते. मोर सर्वांच्या ओळखीचा, तो जगेल. माळढोक संपत चालला आहे, हा मान मिळाला तर लोक त्याच्याकडे लक्ष देतील, असा त्यांचा विचार. १९६३ साली मोराची निवड झाली. पुढे १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांतल्या माळांवर माळढोकासाठी अभयारण्य झाले. तरी पाखरू कमी कमीच होत गेले. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या आणि आज सबंध देशात माळढोक फार थोडे उरले आहेत. तेही बहुतेक राजस्थानात.

दिवाळीच्या सुटीत मी ते पुस्तक घरी नेले होते. रात्री आबांच्या खाटेवर बसून पाने उलटत होते. आबांना अक्षर लागत नाही, इंग्रजी तर दूरच. पण चित्रे त्यांनी एकेक करून ओळखली. हा तितर, हा लावा, हा भारद्वाज, हा चास. मी खालचे वाचून पाहायची आणि ते बरोबर निघायचे. मग माळढोकाचे चित्र आले. आबांनी पुस्तक हातातून घेतले, दिव्याजवळ नेले आणि चित्रावर बोट ठेवून बराच वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले. त्यांच्या तरुणपणी ही पाखरे माळावर असत. माणसाच्या कमरेच्या वर उंची, चाल अशी की जणू माळाचे मालक. पाऊस पडून गेला की नर गळ्याची पिशवी फुगवून उभा राही आणि त्याचा घुमणारा आवाज लांबवर जाई. शेवटचे कधी पाहिले ते त्यांना आठवेना. कोण मोजत होते, असे म्हणून त्यांनी पान उलटले.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी याच माळावर वाढले आणि माळढोक मी फक्त चित्रात पाहिला. जे पाखरू आपल्याला ओळखता येत नाही, ते नाहीसे झाले तरी आपल्याला कळत नाही. आबांना ते ठाऊक होते, पण लिहिता येत नव्हते. आम्हाला लिहिता येते, पण ठाऊक नाही. या दोहोंच्या मध्ये किती पाखरे निघून जात असतील! सलीम अलींनी साठ-सत्तर वर्षे कडकडीत उन्हात हिंडून टिपणे का काढली, ते मला तेव्हा थोडेसे समजले.

माझे म्हणाल तर हिवाळी परीक्षेत इंग्रजीचा राहिलेला विषय सुटला. गुण एकोणचाळीस, मिरवण्यासारखे नाहीत, पण सुटला. आईने मावशीला निरोप धाडला, की पोरीचे बी.ए. होऊ द्या, मग पाहू. पुस्तक मी दर पंधरा दिवसांनी नव्याने नोंदवून घेते. मैत्रिणी म्हणतात, की आता मोबाइलला आवाज ऐकवला तर तो पाखराचे नाव सांगतो. सांगत असेल. पण नाव आधी कळले, की पाहणे राहूनच जाते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या माघात बांधावरच्या वाळक्या बाभळीवर एक चिमणी बसली होती. मी तशीच पुढे जाणार होते; मग थांबले. घरातल्या चिमण्याच्या गळ्याला असते तशी काळी पाटी हिला नव्हती. खांद्यावर तांबूस, पंखावर दोन पांढर्‍या रेघा. आणि तिने मान वर केली तेव्हा गळ्याशी पिवळा डाग दिसला, हळदीचे बोट लावल्यासारखा. मी वहीत सगळे लिहिले, तारीख घातली, आणि पुस्तक न उघडताच मला ती कोण ते ठाऊक होते.

घरी येऊन आबांना सांगितले. ते म्हणाले, की ती चिमणी नव्हेच, ती घरात कधी येत नाही, झाडाच्या ढोलीत राहते. त्यांना तिचे नाव मात्र माहीत नव्हते. मी त्यांना नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, पीतकंठी रानचिमणी, आणि तिची ढोल कुठे आहे ते दाखवायला काठी घेऊन उठले.